खाली पडलेली बाई

अप्पा,

गेल्या शनिवारी मी तुमच्या नावाची पाटी भिंतीवरून उपटून काढली. चित्रकलेच्या कॉलेजच्या हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती, उद्घाटनाची समई तेलवात घालून तयार होती, आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, चप्पल काढून खुर्चीवर चढले आणि दोन्ही हातांनी ती पाटी ओढली. मागची टेप इतकी घट्ट होती की भिंतीचा रंग सोलून तिच्याबरोबर आला. लोकांना वाटलं, हिला काहीतरी झालं. काही झालं नव्हतं. चाळीस वर्षं अंगात साठलेला राग होता, तो हाताला आला, एवढंच. तुम्ही असता तर तोंडावर बोलले असते असं लिहिणार होते. पण तेही खोटं आहे. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. तुमच्या पुढ्यात रंगाचा डबा धरून उभी राहायचे आणि तुम्ही म्हणाल त्याला मान हलवायचे. म्हणून आता लिहितेय, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर.

तुमची कामाची जागा थेटरच्या मागे, पडद्याच्या भिंतीला लागून घातलेली पत्र्याची शेड. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथंच यायचे. आत अळशीच्या तेलाचा वास, जमिनीवर पसरलेलं मांजरपाट, आणि भिंतीपलीकडं सिनेमातली माणसं ओरडतायत, गाणी म्हणतायत, मरतायत. पोस्टकार्डाएवढ्या फोटोवर तुम्ही पेन्सिलीनं चौकोन आखता, तेवढेच चौकोन खडूनं कापडावर मोठे करून आखता, आणि संध्याकाळपर्यंत त्या कापडातून दहा फुटी डोकं वर येतं. मला ती जादूच वाटायची. आणि तुम्ही काम करता करता शिकवायचा, माझ्याकडं न बघता. "खुनाचा पिच्चर म्हंजे काळा, लाल आन हिरवा. निळा लई घातला की लोकांना वाटतंय गानी हायत." हिरोच्या तोंडावर उजेड एका बाजूनं, पिवळा. खुन्याचा अर्धा चेहरा हिरवा आणि उरलेला अंधारात. पिस्तुल हातापेक्षा मोठं. अक्षरं लाल, आणि प्रत्येक अक्षराच्या पायातून ओघळ. आणि सगळ्यात खाली बाई. "सामाजिक असला तर बाई वर, डोळ्यांत पानी. खुनाचा असला तर बाई खाली, पडलेली. हे बदलायचं न्हाय." का, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, सायकलवरनं जाणाऱ्या माणसाला मान वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे, आत काय आहे. नाहीतर तो पुढं निघून जातो.

सहावीत असताना मी जुन्या कॅलेंडरच्या मागं एक खुनी काढला होता. केस नीट विंचरलेले, दाढी केलेली, पाटावर बसून कपबशीतून चहा पितोय. तुम्ही बघितलंत आणि अंगठ्याला रॉकेल लावून त्याचं तोंड पुसून टाकलंत. "खुनी असा बसून च्या पितोय व्हय? असला मानूस कुनीबी असंल की. लोकांनी वळखायचं कसं?" मी रडले नाही. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं, आणि जसजशी मोठी झाले तसतसं ते उलटं ऐकू यायला लागलं. असला माणूस कुणीही असेल. हो अप्पा. कुणीही असतो. घरात पाटावर बसून चहा पिणारा, लेकीला चित्रकला शिकवणारा, ज्याच्या तोंडावर कुठंही हिरवा रंग नाही असा. तुमच्या सगळ्या बॅनरांनी ह्या गावाला शिकवलं की वाईट माणूस लांबून ओळखू येतो. मला तो ओळखू यायला किती वर्षं लागली बघा.

तो सिनेमा दिवाळीच्या तोंडावर लागणार होता. फोटो आले त्यात हिरो होता, खुनी होता, इन्स्पेक्टर होता. जिचा खून होतो तिचा फोटोच आला नव्हता, ती कोणी मोठी नटी नसेल. रविवारची सकाळ. आई, म्हणजे आमची अव्वा, स्वयंपाकघरात कडक भाकऱ्या करतेय, सोमवारी दुकानात द्यायच्या म्हणून. तुम्ही हातात वही घेऊन दारात उभे.

"जरा हितं आडवी हो की."

"आता? तवा तापलाय."

"धा मिन्टं. नुस्तं पडायचं."

ती हसली. पिठाचे हात तसेच घेऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली. तुम्ही तिचा एक हात डोक्यावर नेऊन ठेवलात, अंबाड्यातली एक बट सोडवून गालावर घेतलीत, डोळे मिटायला सांगितलंत. "माजं चित्र काडनार व्हय?" मिटल्या डोळ्यांनी तिनं विचारलं. "व्हय." "लावनार कुटं?" "बगू." मला म्हणाली, "भाकरी उलट गं, करपतीया." मी उलटली. मला अजून दिसतं ते तिचं तोंड, पडल्या पडल्या हसू दाबणारं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, सगळ्या गावाच्या भिंतींवर तुम्ही बायका काढत होता, आणि तिला कधी काढलं नव्हतं. तुम्ही वही दाखवलीत तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. "मी अशी हाय व्हय?" एवढंच म्हणाली. पुढचे चार दिवस ती घरात गुणगुणत होती. हे तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही घरात नव्हता, तिला मारण्यात गुंतला होता.

गुरुवारी ती भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन दुकानात गेली, मी शेंगाचटणीचा डबा घेऊन मागं. दुकानातली बाई तिला बघून टाळी वाजवून हसली. "अगं बया, तुजा खून झाला की थेटरवर!" अव्वाला कळेना. मापाला उभ्या असलेल्या दोन बायकाही हसल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. अव्वानं गाठोडं तिथंच ठेवलं आणि माझा हात धरून चालायला लागली.

मोठा बॅनर वर होता. पण रस्त्याच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीला टेकवून तुम्ही दुसरा उभा केला होता, चालणाऱ्या माणसांसाठी. वर पिस्तुल, हिरवा चेहरा, लाल अक्षरं, आणि सगळ्यात खाली, माझ्या छातीच्या उंचीला, अव्वा. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके तसेच. गालावरची बट तशीच. ते हसू दाबलेले ओठ, ते तुम्ही किंचित उघडले होते, म्हणजे शेवटचा श्वास वाटावा. बाकीचं तुम्ही वरून घातलं होतं. फाटलेला ब्लाउज. मांडीपर्यंत गेलेलं लुगडं. पोटात सुरा. तिच्या अंगाखाली लाल रंगाचं तळं, त्यात रस्त्यावरचा उजेड चमकावा म्हणून तुम्ही पांढऱ्याचे दोन फटकारे मारले होते. पानाच्या ठेल्यावरची माणसं बघत होती, आधी चित्राकडं, मग तिच्याकडं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, हनुवटी झाकली.

ती आधी थेटरच्या मॅनेजरकडं गेली, हे मी मनाशी आठवतानाही नेहमी विसरते, पण तुम्हाला आठवण करून देते. ती भांडली नाही. हात जोडून म्हणाली की तेवढं तोंड बदला, बाकी काय ठेवायचं ते ठेवा. मॅनेजर म्हणाला, "बाई, चार-आठ दिवसांत पिच्चर उतरंल, तवर दम धरा." मग तुम्हाला शेडमधून बोलावलं. तुम्ही रंगाचे हात पुसत आलात. तिनं तुमच्यापुढंही तेच सांगितलं. आणि तुम्ही मॅनेजरसमोर, गेटवरच्या माणसासमोर, माझ्यासमोर म्हणालात, "तोंड बदललं तर सगळं बिगडतंय. आन वळखतंय कोन तुला? भाकरी थापनारी बाई तू."

तिनं जोडलेले हात सोडले. घरी आली, राहिलेलं पीठ मळलं. त्या रात्रीचं मला काही आठवत नाही. आठवते ती दुसऱ्या दिवसाची दुपार. दिवाळीसाठी घराला लावायला चुना भिजत घातला होता, पत्र्याच्या डब्यात. अव्वानं तो डबा उचलला आणि निघाली. मी मागं. तीनच्या खेळाची गर्दी जमत होती, तिकिटाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. ती त्या रांगेसमोरून चालत बॅनरपाशी गेली आणि डब्यात हात घातला. ब्रश नव्हता, कुंचा नव्हता. हातानं. पहिला हात स्वतःच्या डोळ्यांवर, दुसरा तोंडावर, मग हनुवटीवर ते गोंदण जाईपर्यंत. तुम्हीच शिकवलं होतं ना, खुनाच्या सिनेमात बाई खाली पाहिजे. खाली होती म्हणून तिचा हात पोचला. वर असती, डोळ्यांत पाणी घेऊन, तर तिला शिडी लागली असती. रांगेतून कोणीतरी शिट्टी वाजवली. मग ती शिट्टीही थांबली. अव्वा सावकाश, भिंत सारवावी तशी, तोंड सारवत होती, आणि तेवढ्या गर्दीत मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

मग तुम्ही आलात. गर्दी बाजूला झाली. मला वाटलं, मारणार. त्या सगळ्यांना तसंच वाटलं असेल. तुम्ही तिच्याकडं बघितलंच नाही, अप्पा. तुम्ही चार पावलं मागं गेलात, एक डोळा मिटलात, मान तिरकी केलीत. कामाकडं बघताना बघायचा तसं. आणि मला म्हणालात, "काळा आन. बारीक ब्रश बी आन." मी पळत गेले आणि आणला. तुम्ही उकिडवे बसलात आणि त्या चुन्याच्या डागाच्या भोवतीनं काळी कड ओढायला लागलात. जिथं तिची बोटं फिसकटली होती तिथं नीट केलंत. केसांची रेघ परत काढलीत. पाच मिनिटांत तो डाग डाग राहिला नाही, चित्र झाला. पोटातला सुरा, सुटलेले केस, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं, रिकामं. अव्वा तुमच्या मागं उभी होती, कोपरापर्यंत चुन्यानं माखलेली. तिनं एकदाच म्हटलं, "साकु." पुरे. चिडली की तिच्या तोंडी माहेरचं, दुधनीचं कन्नडच यायचं. तुम्हाला कन्नड येत होतं. तुम्ही कड पूर्ण केलीत.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. लोक रस्ता वाकडा करून ती बिनचेहऱ्याची बाई बघायला आले. ज्यांनी अव्वाला तिथं बघितलं नव्हतं, त्यांच्या ती कोण असेल ह्यावर ठेल्यांवर पैजा लागल्या. समोरच्या स्टुडिओवाल्यानं तुमचा फोटो काढला, हातात ब्रश, शेजारी बॅनर, मागं गर्दी. पुढच्या खुनाच्या सिनेमाला मॅनेजर स्वतःच म्हणाला, ते तसलं बिनतोंडाचं करा. मग बार्शीहून, लातूरहून, गुलबर्ग्याहून माणसं आली. तुमची सहीच झाली ती. आणि घरात अव्वाचे हात चुन्यानं खाल्ले होते. तळव्यांची सालं निघत होती. आठ दिवस तिला पिठाला हात लावता येत नव्हता, मी भाकऱ्या थापल्या, वाकड्यातिकड्या, दुकानातून निम्म्या परत आल्या. तुम्ही विचारलंत, भाकरी अशी का झाली. तिच्या हातांकडं बघून विचारलंत. पुढं कधीतरी तुम्ही एक इरकल लुगडं आणलंत, काही न बोलता खुंटीवर अडकवलंत. तिनं ते नेसलं नाही. कात्रीनं चार तुकडे केले आणि भाकऱ्या गुंडाळायला घेतले. चांगलं जाड होतं, बरीच वर्षं टिकलं.

आता माझं ऐका. सात रस्ता चौकाजवळ माझं डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवसांचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स मी करते, आणि पुण्यामुंबईहून सिनेमांची पोस्टरंही येतात, बहुतेक खुनाची, कारण माझ्या नावामागं तुमचं नाव आहे. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी एका पेपरवाल्यानं मला विचारलं होतं, वडिलांना ही कल्पना सुचली कशी? मी पंधरा सेकंद गप्प होते. त्या पंधरा सेकंदांत खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "अप्पा म्हणायचे, चेहरा पुसला की बघणाऱ्याला आपल्या घरातली बाई आठवते." तुम्ही असलं काही कधी म्हणाला नव्हता. तुम्ही "काळा आन" म्हणाला होता. पण ते वाक्य छापून आलं, लोकांना आवडलं, आणि त्याच्या जिवावर मला पुण्याचं पहिलं काम मिळालं. तेव्हापासून मी किती बिनचेहऱ्याच्या बायका केल्या, मोजल्या नाहीत. पाठमोऱ्या, ओठापासून वर कापलेल्या, धुक्यात विरलेल्या. आता सगळेच करतात. रक्ताचे ओघळ आणि पिस्तुलं आता हसण्यावारी नेतात, निर्माते म्हणतात, ते गावठी वाटतं, चेहरा नसला की कसं क्लासी दिसतं. अव्वानं हात भाजून नियम मोडला, आता ते मोडणंच नवा नियम झालंय. बाई खालीच आहे. फक्त आता तिला तोंडही नाही.

म्हणून चित्रकलेच्या कॉलेजच्या बाई तुमच्या कामाच्या प्रदर्शनाचं विचारायला दुकानात आल्या तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, मनापासून बोलणाऱ्या. "ताई, सरांनी त्या काळात, सोलापुरात बसून, जॉनरचे संकेत मोडले. हे फार मोठं आहे. मुलांना हे दिसलं पाहिजे." बॅनर तर एकही उरलेला नाही, कापड धुऊन तुम्ही त्यावरच पुढचा काढायचा. फोटो होते. तो स्टुडिओवाल्याचा फोटो त्यांनी मिळवला होता, आणि आठ फुटी करून द्या म्हणाल्या. मी माझ्याच मशीनवर छापला. तुमचं तोंड मशीनमधून इंचाइंचानं बाहेर येत होतं, आधी टोपी, मग डोळे, मग ते हसू. मी उभी राहून बघत होते. पाटीवर घालायला वाक्य त्यांनी पेपरातून घेतलं होतं. तेही मीच छापलं.

अव्वा येणार नाही असं मला वाटत होतं. त्र्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. पण शनिवारी ती धुतलेलं लुगडं नेसून तयार बसली होती. हॉलमध्ये ती सरळ त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर जुळवून वाचते. पाटीवर बोट ठेवून तिनं ते पूर्ण वाक्य वाचलं.

"हे कोन बोललं?"

"अप्पा," मी म्हणाले.

"कुनाला? मला तर न्हाय बोलले कदी."

तेवढ्यात कॉलेजच्या बाई चार विद्यार्थी घेऊन आल्या, खाली वाकून तिच्या पाया पडल्या. "आजी, सरांना ही कल्पना कशी सुचली, आठवतं का हो तुम्हाला?"

"त्येन्ला कुटं सुचली?" अव्वा म्हणाली. तिनं फोटोतल्या पांढऱ्या डागावर हात ठेवला. "ही मी हाय. चुना मी लावला. हितनं हितपातुर. त्येंनी नुस्ती कड वडली."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, तेच उत्तर समजून त्या एकदम पेटल्यासारख्या बोलायला लागल्या. "आजी, हे परत एकदा सांगाल? मी रेकॉर्ड करते. अहो, हा तर केवढा मोठा प्रतिकार आहे! आपण पाटी बदलू. तुमचं नाव घालू, मोठ्या अक्षरात."

"साकु," अव्वा म्हणाली. मग त्यांना कळावं म्हणून, "पुरे बाई. माजं नाव नको मला. त्येंचं तेवडं काडा."

"काढू ना, आजी. नक्की काढू. पण आता पाहुणे येतीलच पाच मिनिटांत, पत्रिकेत सगळं छापलंय. नंतर शांतपणे बसून…"

कॉलेजच्या बाई वाईट नाहीत, अप्पा. त्यांचा आवाज मऊ होता. पण ते "नंतर" ऐकलं आणि मला तो मॅनेजर आठवला, चार-आठ दिवस दम धरा म्हणणारा, आणि अव्वाचं तोंड दिसलं. ती ऐकून घेत होती. तिला सवय होती. मी खुर्ची ओढली.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. पाटी निघाली, भिंतीला खपली पडल्यासारखं झालं. पाहुणे आले, आणि त्या खपलीशेजारी उभे राहून वीस मिनिटं बोलले. तुम्ही काळाच्या पुढं होता म्हणाले. ते सोललेलं त्यांना दिसलं नाही, किंवा तीही सजावट वाटली असेल. अव्वा पहिल्या रांगेत बसून पेढा खात होती. रिक्षात ती पदर नीट करून बसली. मग म्हणाली, "त्या फोटूत तुजा अप्पा कसा हसतोय. घरात कदी तसा हसला व्हय?" मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं रिक्षावाल्याला डावीकडं घ्यायला सांगितलं.

तरी मला वाटलं, आता संपलं. आता मी काहीतरी वेगळं करीन. पुण्याचं एक काम टेबलावर पडलेलं होतंच, सिनेमा खुनाचा, कारखान्यात कामाला जाणारी एक मुलगी मारली जाते. रविवारी दुकान उघडून मी एकटी बसले आणि ते पोस्टर केलं. दिवसाचा उजेड घातला, निळा घातला, भरपूर. रक्त नाही, पिस्तुल नाही, खुनी नाही. ती मुलगी उभी, वेणी खांद्यावर, डोळे उघडे, सरळ बघतेय. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा. सोमवारी पाठवलं. तासाभरात निर्मात्याचा फोन. "मॅडम, ही लग्न जमवायच्या ॲपची जाहिरात वाटतेय. खून कुठंय?" मी भांडले. तुमच्याशी भांडायला हवं होतं तसं, आवाज चढवून. मंगळवारी भांडले, बुधवारी भांडले. तो शांतपणे म्हणत राहिला, "तुमचं ते नेहमीचं करा ना. वडिलांचं."

गुरुवारी दुपारी मी तिचा चेहरा पुसला. आता त्याला चुना लागत नाही, हात भाजत नाहीत, एक कळ दाबून धरायची. कडाही मीच नीट केल्या. पाठवलं, त्यांनी लगेच हो म्हटलं.

हे मी अव्वाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिनं संध्याकाळी विचारलं, पुण्याचं काम झालं का, मी झालं म्हणाले. त्यांनी जबरदस्ती केली, मी एकटी काय करणार, असं कोणी विचारलं तर सांगायला तयार ठेवलंय. तुम्हाला हे पत्र मिळणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पुसून झाल्यावर मी खुर्ची मागं सरकवली, एक डोळा मिटला आणि बघितलं. आधीच्यापेक्षा ते चांगलं दिसत होतं.